हलत्या चित्राचा पाठ

(देवबाग येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावर चित्र कसे काढावे आणि काढलेले चित्र हलते कसे करावे, या विषयाची प्राथमिक ओळख करून द्यावी, असे मला सांगण्यात आले आहे. विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात दोन शंका आल्या असतील. हे काम शहरातील सुसज्ज शाळांचे आहे, दोन शिक्षकी शाळेला ते कसे झेपावे, ही पहिली. वाचन, लेखन आणि गणित यांनाच जेथे वेळ पुरत नाही तेथे ही करमणूक कशाला, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरे व्याख्यानाच्या ओघात देण्याचा मी प्रयत्न करीन. आरंभी एवढेच सांगतो की, हलते चित्र काढणे हा मुळात निरीक्षणाचा पाठ आहे. यंत्र त्यात सर्वांत शेवटी येते.

आज आपल्या गावांत हलती चित्रे कमी नाहीत. मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या घरीही मोबाइल आहे, आणि घरातील लहान मूल त्यावर तासन् तास हलती चित्रे पाहते. शाळेत संगणक किंवा मोठा पडदा आला असला तरी त्याचा उपयोग बहुधा दाखविण्यापुरताच होतो. म्हणजे घरी काय आणि शाळेत काय, मूल प्रेक्षकांतच बसलेले असते. हजारो हलती चित्रे पाहूनही ती हलतात कशी, हे त्याला सांगता येत नाही. ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने चित्र हलविले, ते मूल पुढे पडद्याकडे निराळ्या दृष्टीने पाहते. हे कोणी तरी केले आहे, आणि ते असे केले असावे, असा विचार त्याच्या मनात येतो. हा विचार उत्पन्न होणे हीच या शिक्षणाची खरी फलश्रुती होय.

आता मूळ तत्त्व पाहू. पडद्यावरचे कोणतेही चित्र प्रत्यक्षात हलत नाही. थोड्या थोड्या फरकाची अनेक स्थिर चित्रे एकामागून एक झपाट्याने समोर येतात, आणि आपली दृष्टी व मेंदू मिळून त्यांची सलग हालचाल बनवितात. चित्रपटात एका सेकंदात २४ चित्रे दाखविण्याचा प्रघात आहे. हाताने काढलेल्या चित्रांच्या बाबतीत प्रत्येक चित्र दोनदा दाखवून १२ चित्रांवरही काम भागते. म्हणून शाळेसाठी हिशेब सोपा आहे: एक सेकंद म्हणजे १२ चित्रे, आणि पाच सेकंद म्हणजे ६० चित्रे. वीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने तीन चित्रे काढली की पाच सेकंदांचे हलते चित्र तयार होते.

ही विद्या आपणांस परकी नाही. दादासाहेब फाळके हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला. पण त्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी एक लहानसा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी समोर कॅमेरा मांडला आणि सुमारे महिनाभर थोड्या थोड्या अंतराने त्या रोपाची छायाचित्रे घेतली. महिनाभराची ती वाढ पडद्यावर मिनिटाभराच्या अवधीत दिसली. या लघुपटामुळेच त्यांना पुढील चित्रपटासाठी कर्जाऊ भांडवल मिळू शकले. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या नावाने काड्यापेटीतील काड्या हलवून एक गमतीदार पट केला. कुंडी, वाटाणा आणि आगकाडी यांपैकी कोणती वस्तू खेड्यातील शाळेत मिळणार नाही?

१९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. अमेरिकेतील डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुण चित्रकारांना या कामाचे शिक्षण दिले. १९७४ साली विजया मुळे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘एक अनेक और एकता’ हा मुलांसाठीचा लघुपट तयार झाला. त्यातील चित्रे भीमसेन यांची, आणि संगीत आपल्या कुडाळच्या पंचक्रोशीत जन्मलेल्या वसंत देसाई यांचे. एकीचा एक साधा धडा हलत्या चित्रांनी मुलांच्या मनावर किती खोल ठसविता येतो, याचा तो उत्तम नमुना आहे.

त्याहूनही जवळचे उदाहरण पिंगुळीचे आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत चित्रकथीची सुटी चित्रे क्रमाने समोर धरून कथा गातात आणि कळसूत्री व छायाबाहुल्यांचे खेळ करतात. या परंपरेचे एक जतनकर्ते परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कोणते चित्र आधी, कोणते नंतर, आणि कोणते किती वेळ समोर ठेवावयाचे, हा चित्रकथी कलावंताचा विचार आणि आजच्या हलत्या चित्रपटाचा पूर्वआराखडा यांत तत्त्वतः भेद नाही. शक्य असेल त्या शाळेने मुलांस एकदा पिंगुळीस अवश्य न्यावे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. माझी सूचना अशी आहे की, पहिले दोन पाठ संगणकाला हात न लावता घ्यावेत.

पहिल्या पाठात जाड पुठ्ठ्याची एक वाटोळी चकती घ्यावी. तिच्या एका बाजूस मासा व दुसऱ्या बाजूस जाळे काढावे. मागचे चित्र पुढच्याच्या उलटे, म्हणजे डोके खाली करून काढावे. दोन्ही कडांस भोके पाडून दोरा ओवावा आणि पीळ देऊन तो ताणावा. चकती गरगर फिरू लागली की मासा जाळ्यात दिसतो. पक्षी आणि पिंजरा यांचे असेच खेळणे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात प्रसिद्ध होते. दृष्टी दोन चित्रांचे एक चित्र करते, हे या पाठाने व्याख्येवाचून कळते.

दुसऱ्या पाठात जुन्या वहीचे कोपरे वापरावेत. शेवटच्या पानापासून आरंभ करून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका काढावा आणि दर पानागणिक तो किंचित सरकवावा. अंगठ्याने पाने सोडली की ठिपका धावू लागतो. ठिपक्यानंतर चेंडू, चेंडूनंतर कुर्ली, असा क्रम ठेवावा. पान पातळ असल्याने खालचे चित्र अंधुक दिसते आणि नवे चित्र त्याच्या आधाराने काढता येते. ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. कारण संगणकावर हीच सोय पुन्हा भेटणार आहे.

तिसऱ्या पाठापासून संगणक घ्यावा. यासाठी लागणारी आज्ञावली, जिला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, विकत घेण्याची आवश्यकता नाही. लहान वर्गांसाठी ‘टक्स पेंट’ ही आज्ञावली फार सोयीची आहे. ती २००२ सालापासून विनामूल्य उपलब्ध असून जुन्या संगणकावरही चालते. पडद्याच्या डाव्या बाजूस कुंचला, रेघ, आकार, खोडरबर अशी साधने असतात, खालच्या बाजूस रंग असतात, आणि मधल्या कोऱ्या जागेत माउसने चित्र काढावयाचे असते. चुकलेली रेघ मागे घेण्याची सोय तीत आहे. कागदावर खोडताना भोक पडेल या भीतीने जे मूल रेघच ओढीत नाही, त्याला या सोयीने धीर येतो.

टक्स पेंटमध्ये चित्र हलते करण्याची रीत अशी. एक चित्र काढून साठवावे. त्यात थोडा बदल करून पुन्हा साठवावे. त्या वेळी जुने चित्र बदलावयाचे की नवे साठवावयाचे, असे आज्ञावली विचारते. तेव्हा दर वेळी ‘नवे’ हा पर्याय निवडावा. अशी दहा-बारा चित्रे झाली की साठविलेल्या चित्रांच्या दालनात ‘स्लाइड्स’ असे जे साधन आहे ते घ्यावे, चित्रे क्रमाने निवडावीत, वेग ठरवावा आणि चालू करावे. वहीच्या कोपऱ्यातील कुर्ली पडद्यावर चालू लागते.

वरच्या वर्गांसाठी ‘पेन्सिल टू-डी’ ही आज्ञावली घ्यावी. तीही विनामूल्य आहे. तिच्यात तीन गोष्टी मुलांस शिकवाव्यात. पहिली, काळपट्टी: पडद्याच्या खालच्या भागात लहान लहान घरांची एक पट्टी असते, प्रत्येक घर म्हणजे एका चित्राची जागा. सेकंदास १२ घरे ठेवावीत. दुसरी, थर: मागचे दृश्य एका थरावर आणि हलणारी आकृती दुसऱ्या थरावर काढली, म्हणजे माड आणि समुद्र एकदाच काढावे लागतात, होडी तेवढी पुनःपुन्हा काढावयाची. तिसरी, आधीच्या चित्राची फिकट छाया. इंग्रजीत या सोयीस कांद्याच्या पापुद्र्याचे नाव आहे, आणि ते सार्थ आहे. वहीच्या पातळ पानातून जे दिसत होते, तेच येथे दिसते.

संगणक चित्र दोन रीतींनी लक्षात ठेवतो, हेही येथे सांगून टाकावे. एक रीत चौकटीच्या वहीसारखी आहे: प्रत्येक बारीक चौकटीत कोणता रंग भरला हे यंत्र नोंदवून ठेवते. असे चित्र फार मोठे केले की चौकटी दिसू लागतात. दुसरी रीत खुंट्या आणि दोरी यांसारखी आहे: खुंट्या कोठे ठोकल्या आणि दोरी कशी वळविली एवढेच यंत्र नोंदविते, म्हणून ते चित्र कितीही मोठे केले तरी रेघ स्वच्छ राहते. मुक्तहस्त चित्रास पहिली रीत बरी, आणि नकाशा व अक्षरे यांस दुसरी. ज्या शिक्षकांस याहून पुढे जावयाचे असेल त्यांनी मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प पाहावा. अनेक मुक्त आज्ञावलींचे क्रमवार पाठ तेथे आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ मराठी निवेदनासह मिळतात.

साधन हाती आले तरी चित्र जिवंत होतेच असे नाही. मुलांची पहिली हलती चित्रे यंत्रासारखी ताठ दिसतात. कारण ती सर्व चित्रे सारख्या अंतरावर काढतात. निसर्गात हालचाल क्वचितच सारख्या गतीने होते. येथे गणित व विज्ञान आपल्या मदतीस येतात. माडावरून पडणारा नारळ काढावयाचा आहे असे समजा. चौकटीच्या वहीत पहिल्या चित्रापासून दुसरे चित्र एक चौकट खाली काढावे, त्यापासून तिसरे तीन चौकटी खाली, चौथे पाच आणि पाचवे सात चौकटी खाली. समान वेळात पडणारी वस्तू १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हा गॅलिलिओने मांडलेला नियम आहे. या अंतरांची बेरीज १, ४, ९, १६ अशी होते; म्हणजे वर्गसंख्यांचा पाठही त्याच पानावर झाला. या अंतरांनी काढलेला नारळ पडद्यावर खरोखरच पडतो. सारख्या अंतरांनी काढलेला नारळ दोरीने खाली सोडल्यासारखा दिसतो. झोपाळ्याचे उलट आहे. दोन्ही टोकांशी तो मंदावतो, म्हणून तेथे चित्रे जवळ जवळ हवीत, आणि मध्यावर तो वेगात असतो, म्हणून तेथे ती दूर दूर हवीत. हे मुलांस सांगू नये. शाळेतील झोपाळा पाहावयास पाठवावे आणि मग विचारावे.

आपण आज देवबागेत बसलो आहोत. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मध्ये ही वाळूची चिंचोळी पट्टी. हालचालीचा अभ्यास करण्यास याहून समृद्ध शाळा कोठे मिळेल? वल्हे पाण्यात शिरताना त्याचे पाते कसे असते आणि बाहेर निघताना कसे वळते, रापण ओढणारी माणसे पाठीवर भार कसा घेतात आणि वाळूत टाच कशी रोवतात, हे येथील मुलाने शेकडो वेळा पाहिलेले असते. हे ज्ञान त्याच्याजवळ असते, पण पाठ्यपुस्तकात त्याला घर नसते आणि परीक्षेत त्याला गुण नसतात. वाचताना अडखळणारे मूल रापणीचे हलते चित्र काढावयास बसले की सर्व वर्गाला सांगू लागते, “असे नाही, आधी कंबर मागे जाते, मग हात येतात.” त्या क्षणी ते मूल वर्गाचे शिक्षक असते. आपण त्याच्या शेजारी बसून ऐकावे. ज्या मुलाचे बोलणे शाळेत एकदा मानाने ऐकले गेले, त्याची अक्षरांविषयीची भीतीही पुढे ओसरू लागते.

लाटेचे उदाहरण घ्या. खोल पाण्यावर तरंगणारा एखादा असोला नारळ आणि त्याखालून जाणाऱ्या लाटा, एवढेच बारा चित्रांत काढावयास सांगावे. बहुतेक मुले प्रथम नारळ लाटेबरोबर पुढे नेतील. मग त्यांनी होडीतून पाहिलेले आठवावे. नारळ वर चढतो, खाली उतरतो, आणि जवळजवळ जागच्या जागीच राहतो. लाट पुढे जाते, पाणी फारसे जात नाही. भौतिकशास्त्रातील हा महत्त्वाचा विचार चौथीच्या मुलाच्या हातातून उतरतो, तो असा.

फाळक्यांच्या वाटाण्याचा प्रयोगही येथे मोठ्या प्रमाणावर करता येईल. आधी वर्गात मुगाचे किंवा चवळीचे बी पेरून, शिक्षकांचा मोबाइल रोज त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून छायाचित्रे घ्यावीत. ते साधले की किनाऱ्याकडे वळावे. देवबागेचा किनारा झिजतो आहे, आणि तो राखण्यासाठी दगडी बंधारे घालावे लागले आहेत, हे आपण जाणताच. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि उघाडीच्या महिन्यांत तिच्यातील काही परत आणून टाकतात. किती गेली आणि किती आली, याविषयी घरोघर बोलणे होते, पण नोंद राहत नाही. सुरक्षित व पक्क्या जागी एक खूण करावी आणि दर अमावास्येस व पौर्णिमेस ओहोटीच्या वेळी तेथूनच, त्याच दिशेचे एक छायाचित्र शिक्षकांनी घ्यावे. भरती-ओहोटीची स्थिती दर वेळी सारखी असणे आवश्यक आहे. नाही तर पाण्याची रोजची ये-जा आणि वाळूची खरी झीज यांची गल्लत होईल. अमावास्या व पौर्णिमा या तिथींस ओहोटीची वेळ साधारण एकच येते, म्हणून त्या सोयीच्या. पावसाळ्यात मुलांस किनाऱ्यावर नेऊ नये. वर्षाकाठी सुमारे पंचवीस छायाचित्रे जमतील. प्रत्येक अर्धा सेकंद दाखविले तरी बारा सेकंदांत गावाच्या किनाऱ्याचे एक वर्ष डोळ्यांपुढून जाईल. शाळेने पाच वर्षे हे काम नेटाने केले, तर ग्रामसभेपुढे ठेवण्यासारखा पुरावा मुलांच्या हाती असेल.

आता अडचणींविषयी. शाळेत संगणक एकच आहे, ही अडचण खरी. पण या कामात बहुतेक वेळ कागदावर जातो. चार मुलांचा गट करावा. एकाने माउस धरावा, एकाने कागदावरील चित्र दाखवावे, एकाने घरे मोजावीत आणि एकाने पाहून चुका सांगाव्यात; दर दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. वीज गेली तर वहीचे कोपरे आहेतच. वेळेची अडचण आहे, म्हणून हा पाठ स्वतंत्र तासिकेत न घेता कला, कार्यानुभव, परिसर अभ्यास आणि गणित यांत वाटून घ्यावा. “मला चित्र काढता येत नाही,” असे ज्या शिक्षकांस वाटते त्यांनी ठिपक्यापासून आरंभ करावा. ठिपका सर्वांस काढता येतो, आणि हालचालीचे सर्व नियम ठिपक्यालाही लागू आहेत.

शेवटी दोन गोष्टींविषयी सावध करतो. पहिली अशी की, प्रदर्शनाचा दिवस जवळ आला की मुलांचे चित्र शिक्षकांनी स्वतः नीट करून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. वेडीवाकडी चालणारी कुर्ली मुलाची असेल तर ती मोलाची आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पहिले व शेवटचे चित्र दिले की मधली चित्रे आपोआप काढून देणाऱ्या आज्ञावली पूर्वीपासून आहेत. आणि आता तर नुसते एक वाक्य लिहिले की संपूर्ण हलते चित्र तयार करणारी यंत्रेही आली आहेत. मोठ्यांच्या व्यवसायात त्यांचा उपयोग होईल. परंतु शाळेत आपणांस चित्र हवे आहे की चित्र काढताना घडणारे मूल हवे आहे, हे आपण ठरविले पाहिजे. सहावे चित्र पाचव्याहून कोठे आणि किती निराळे, हा प्रश्न मुलाने स्वतःस विचारला म्हणजे त्याची दृष्टी तयार होते. मधली चित्रे यंत्राने काढली की तो प्रश्नच उरत नाही. म्हणून प्राथमिक शाळेत निदान पहिली साठ चित्रे मुलांच्या हातची असावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येत्या सत्रात आपणांपैकी प्रत्येकाने एका वर्गात एक हलते चित्र करवून घ्यावे. पाच सेकंदांचे पुरे. पुढील बैठकीस ती चित्रे बरोबर आणावीत आणि कोणत्या मुलाने कोणती हालचाल आपणांस नव्याने दाखविली, हे दोन वाक्यांत लिहून आणावे. ती वाक्ये आपल्या सर्वांना उपयोगी पडतील.